कृष्णाकाठच्या चळवळींवर लघुप्रबंध लिहिताय? पुस्तकं कुठं शोधायची, कशी वाचायची

दिवाळीची सुट्टी संपली की आमच्या वाचनालयाच्या पायरीवर एम.एस.डब्ल्यू.ची (समाजकार्यातल्या पदव्युत्तर पदवीची) मुलं-मुली दिसायला लागतात. पाठीला सॅक, हातात कॉलेजचं पत्र, आणि एसटी चुकेल म्हणून एक डोळा घड्याळावर. "सर, सामाजिक चळवळींवर काही पुस्तकं मिळतील का?" मी विचारतो, "कुठल्या चळवळीवर?" उत्तर ठरलेलं असतं: "कुठल्याही चालतील."

विटा भागातल्या एका छोट्या वाचनालयात मी ग्रंथपाल म्हणून वीसेक वर्षं काढली. खानापूर, कडेगाव, आटपाडी, कऱ्हाड इकडची पोरं येत राहिली आणि त्यांच्या निमित्ताने मीही शोधत राहिलो. त्यातून जे कळलं ते इथं सांगतो. पुढचं सगळं एका गोष्टीवर बेतलेलं आहे, ती आधी ध्यानात घ्या. सातारा आणि सांगली या आपल्या दोन जिल्ह्यांतल्या चळवळींचं लिखाण 'समाजशास्त्र' अशी पाटी असलेल्या कपाटात फारसं सापडत नाही. ते चरित्रांत, स्मरणिकांत, साखर कारखान्यांच्या गौरवग्रंथांत, सरकारी फायलींत आणि म्हाताऱ्या कार्यकर्त्यांच्या ट्रंकेत विखुरलेलं आहे. कपाटासमोर उभं राहून ते मिळणार नाही. त्याच्या मागं फिरावं लागतं.

आधी प्रश्न

'ग्रामीण महिलांचे सक्षमीकरण : एक चिकित्सक अभ्यास' हे शीर्षक मी एवढ्या वेळा पाहिलंय की आता ते वाचलं तरी डोळ्यावर झापड येते. यात गाव नाही, साल नाही, कोणाचं कोणाशी काय भांडण होतं ते नाही. अशा विषयाला कुठलंही पुस्तक चालतं, म्हणजेच कुठलंच उपयोगी पडत नाही.

वहीच्या पहिल्या पानावर पाच गोष्टी लिहा. कोण, कुठं, कधीपासून कधीपर्यंत, कशासाठी उठले, आणि त्यात तुम्हाला काय खटकतंय. पाचवी जागा रिकामी राहिली तर अजून विषय मिळालेला नाही असं समजा. मग त्या पाचांचं मिळून एक वाक्य करा आणि ते प्रश्नचिन्हाने संपवा. माझी एक कसोटी आहे: तो प्रश्न तुमच्या आत्याला किंवा मामाला सांगितला तर त्यांना त्यावर काही बोलता आलं पाहिजे. त्यांनी नुसतं "बरं बरं, कर अभ्यास" म्हटलं तर प्रश्न परत घासा.

एक उदाहरण धरून चालू, म्हणजे पुढं सोपं जाईल. खानापूर तालुक्यात येरळा नदीवर बलवडी आणि तांदुळवाडी या गावांजवळ लोकांनी स्वतः बांधलेलं बळीराजा धरण आहे. गोष्ट १९८० च्या दशकातली. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईत गिरणी संप सुरू झाला, आपल्या भागातले गिरणी कामगार गावाकडं परतले, इकडं दुष्काळ पडलेला. संप करून आलेली माणसं आणि पाण्याला मोताद झालेले शेतकरी एकत्र आले, त्यातून मुक्ती संघर्ष चळवळ उभी राहिली. येरळेतली वाळू बाहेरचे ठेकेदार उपसून नेत होते. त्या वाळूवर हक्क गावाचा, तिच्या पैशातून धरण आणि धरणाचं पाणी सगळ्यांना समान, असा तो विचार. यावर 'पाणी चळवळीचा अभ्यास' असं शीर्षक दिलंत तर बुडालात. 'समान पाणीवाटपाचं जे तत्त्व धरण बांधताना ठरलं, ते ऊस आल्यावर टिकलं का?' असं विचारलंत तर कुठलं पुस्तक हवं ते तुमचं तुम्हालाच कळायला लागतं. पाण्याचं हवं, उसाचं हवं, गिरणी संपाचं हवं. सक्षमीकरणाचं राहू दे.

जुना नकाशा काढा

ही पायरी जवळजवळ सगळे गाळतात, म्हणून हिच्यावर जरा रेंगाळतो.

आज सातारा आणि सांगली असे दोन जिल्हे दिसतात. १९६० च्या आधी सांगली नावाचा जिल्हाच नव्हता. ब्रिटिश अमलातला सातारा जिल्हा मोठा होता. १९४९ मध्ये त्याचे उत्तर आणि दक्षिण सातारा असे भाग झाले, आणि १९६० मध्ये दक्षिण साताऱ्याचं नाव सांगली झालं. ९ सप्टेंबर १९४२ ला वडूजला मोर्चावर गोळीबार झाला आणि दुसऱ्याच दिवशी इस्लामपूरला झाला. आज ही गावं दोन जिल्ह्यांत आहेत, तेव्हाच्या कागदांत दोन्ही सातारा. त्यामुळं इस्लामपूर, तासगाव, विटा इथलं १९४२ चं काही शोधायचं तर 'सांगली' शब्दाने शोधू नका. एका मुलीने संगणकावर चार दिवस 'सांगली जिल्हा १९४२' शोधलं आणि काहीच नाही म्हणून रडकुंडीला आली. 'सातारा' टाकल्यावर तासाभरात तिला ढीगभर मिळालं.

दुसरी मेख संस्थानांची. याच भागात सांगली, मिरज, जत, फलटण, औंध अशी संस्थानं होती, आणि त्यांच्या हद्दी खाणीतल्या दगडांसारख्या इतस्ततः पडलेल्या. कुंडल औंध संस्थानात, आटपाडीही औंधात. बेचाळीसच्या लढ्यातून उभ्या राहिलेल्या, नाना पाटलांच्या प्रतिसरकारच्या तुफान सेनेचं (त्याच्या लढाऊ दलाचं) कुंडल हे मोठं केंद्र का झालं, हे नकाशा न बघता कळत नाही. ब्रिटिश हद्दीतून संस्थानात शिरलं की पोलिसांची पंचाईत व्हायची. त्यातही औंधची गोष्ट वेगळी: १९३९ मध्ये तिथल्या राजांनी, भवानराव पंतप्रतिनिधींनी, रयतेच्या हाती कारभार देणारी घटना लागू केली. आटपाडीजवळचं स्वतंत्रपूर, कैद्यांची खुली वसाहत, त्याच काळातली. संस्थानं १९४८ मध्ये विलीन झाली, कागद मात्र विखुरलेलेच राहिले. पुणे, कोल्हापूर आणि मुंबई इथल्या पुराभिलेखागारांत त्यातलं बरंच आहे.

तर करायचं काय? कोऱ्या कागदावर तुमचं गाव मध्ये ठेवा. ते १८८५, १९४२, १९५० आणि आज कुठल्या तालुक्यात, कुठल्या जिल्ह्यात किंवा संस्थानात होतं ते लिहा. १८८५ एवढ्यासाठी की मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा (जिल्ह्यांची माहिती देणाऱ्या सरकारी ग्रंथाचा) एकोणिसावा खंड, साताऱ्याचा, त्या साली निघाला. स्वातंत्र्यानंतर महाराष्ट्र सरकारनेही दोन्ही जिल्ह्यांची गॅझेटिअर काढली. ही गॅझेटिअर सरकारी संकेतस्थळावर फुकट वाचता येतात. जुन्या गॅझेटिअरात साहेबाची नजर आहे, जातींविषयी लिहिलेलं वाचताना डोकं तापतं. पण नद्या, बंधारे, पिकं, बाजार, दुष्काळ यांची माहिती तपशीलवार आहे. तुमच्या तालुक्याची पानं काढा आणि तेवढीच वाचा.

वाचायचा क्रम

सगळे मार्गदर्शक 'आधी सिद्धान्त, मग संदर्भ, मग स्थानिक' असं सांगतात. माझा अनुभव उलटा आहे. जवळचं आधी वाचा.

जवळचं म्हणजे चळवळीतल्या माणसांनी स्वतः लिहिलेलं: पत्रकं, पुस्तिका, अहवाल, आत्मचरित्रं. बळीराजा धरणाचा अभ्यास करणाऱ्याने महात्मा फुल्यांचा 'शेतकऱ्याचा असूड' वाचलाच पाहिजे. धरणाचं नाव ज्या बळीराजावरून आलं तो फुल्यांनी पुढं आणला, एवढंच कारण नाही. १८८३ च्या त्या पुस्तकात त्यांनी पलटणीतल्या आणि पोलिसांतल्या शिपायांकडून जागोजागी बंधारे बांधून घ्यावेत, पाणी जमिनीत मुरवावं, असा तपशीलवार उपाय सांगितला आहे. फुल्यांचं मूळ घराणं खटाव तालुक्यातल्या कटगुणचं. दुष्काळी माणदेशाच्या कडेचं हे गाव आहे. शंभर वर्षांनी येरळेवर जे घडलं त्याची मुळं कुठल्या पानावर आहेत ते तिथं दिसतं. प्रतिसरकारचा विषय असेल तर यशवंतराव चव्हाणांचं 'कृष्णाकाठ' घ्या. त्यात बेचाळीसचा भूमिगत काळ आतून दिसतो. मात्र ते एका नेत्याने उत्तरायुष्यात, आठवून लिहिलं आहे हे विसरू नका.

मग मधलं. बाहेरच्या अभ्यासकाने पण याच मातीत राहून लिहिलेलं. इथं गेल ऑम्वेट यांना पर्याय नाही. अमेरिकेत जन्मलेली ही बाई महात्मा फुल्यांच्या आणि ब्राह्मणेतर चळवळीच्या अभ्यासासाठी महाराष्ट्रात आली, वाळवा तालुक्यातल्या कासेगावची झाली आणि २०२१ मध्ये तिथंच वारली. १८७३ ते १९३० च्या ब्राह्मणेतर चळवळीवरचं त्यांचं 'कल्चरल रिव्होल्ट इन अ कलोनियल सोसायटी' १९७६ मध्ये आलं. १९२० च्या सुमारास सातारा जिल्ह्यात कुळांनी जमीनदारांविरुद्ध उठाव केला, सत्यशोधकी जलसे (फुल्यांच्या सत्यशोधक समाजाचे गाण्या-नाट्याचे कार्यक्रम) गावोगाव फिरले, ते कसं घडलं हे त्यात वाचायला मिळतं. पाणी, स्त्रिया, शेतकरी अशा नव्या चळवळींसाठी त्यांचं १९९३ चं 'रिइन्व्हेंटिंग रिव्होल्यूशन' बघा. प्रतिसरकारवर ए. बी. शिंदे यांचं 'द पॅरलल गव्हर्नमेंट ऑफ सातारा' १९९० मध्ये आलं आहे. इंग्रजीची भीती वाटत असेल तर सगळं पुस्तक वाचायच्या भानगडीत पडू नका. शेवटची सूची उघडा, तुमच्या गावाचं, नदीचं, माणसाचं नाव शोधा, आणि त्या पानाच्या आधीची-नंतरची दहा पानं वाचा. शब्दकोश घेऊन दोन दिवसांत होतं.

दूरचं सगळ्यात शेवटी. घनश्याम शहा यांचं भारतातल्या सामाजिक चळवळींवरचं इंग्रजी पुस्तक (पहिली आवृत्ती १९९०) म्हणजे झालेल्या अभ्यासांचा आढावा आहे. शेतकरी, आदिवासी, दलित, स्त्रिया, विद्यार्थी असं वर्गवार. ते सलग वाचायचं नाही. तुमच्यासारखा प्रश्न आधी कोणी कुठं विचारला आहे ते बघायला उघडायचं. संकल्पनांचं मराठी हवं तर मराठी विश्वकोश आहेच, वाईला तयार झालेला आणि आता संगणकावर फुकट. वाईच्याच प्राज्ञपाठशाळेचं 'नवभारत' मासिक आणि पुण्याचं 'साधना' साप्ताहिक यांचे जुने अंक चाळताना अशी काही चीज हाती लागते की दिवस कसा गेला कळत नाही.

भिलारला, त्या पुस्तकांच्या गावाला, जाऊ का म्हणून मुलं विचारतात. जरूर जा. २०१७ पासून तिथल्या घराघरांत पुस्तकं मांडली आहेत, ओट्यावर बसून वाचायला मजा येते. पण ती मौजेची वाट आहे. लघुप्रबंधाचा उपास तिथं सुटायचा नाही.

वाचनालयात शिरल्यावर

मोठ्या ग्रंथालयात ड्यूईचे आकडे, म्हणजे पुस्तकं विषयवार लावायचे क्रमांक, असतात. ३०० पासून पुढं समाजशास्त्रं. त्यातले काही पाठ करा, कपाटं चाळायचा वेळ वाचेल: ३००.७२ संशोधन पद्धती, ३०३.४८४ सामाजिक चळवळी, ३०५ सामाजिक गट (३०५.४ स्त्रिया), ३३१ कामगार, ३३३ जमीन आणि पाणी, ३६१ समाजकार्य. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाच्या बॅरिस्टर बाळासाहेब खर्डेकर ग्रंथालयात जाणार असाल तर हे आकडे आणि कॉलेजचं पत्र दोन्ही लागेल.

आमच्यासारख्या 'क' आणि 'ड' वर्गाच्या, म्हणजे लहान, वाचनालयात मात्र वेगळा खेळ. आमच्याकडं कादंबरी, कथा, चरित्र, धार्मिक, बाल आणि 'इतर' एवढेच विभाग. तुमचं सोनं चरित्रात आणि 'इतर' मध्ये असतं. ग्रंथपालाला दाखल नोंदवही मागा, ती जाडजूड, कोपरे कुरतडलेली. तिच्यात पुस्तकं आली त्या क्रमाने लिहिलेली असतात. देणगी म्हणून आलेल्यांपुढं तशी खूण असते. गावात कोणी जुना कार्यकर्ता गेला की घरचे त्याची पुस्तकं वाचनालयाला देतात, आणि ती एकाखाली एक सलग नोंदली जातात. अशी एक ओळ सापडली की पुढची तीस-चाळीस पुस्तकं त्याच माणसाच्या डोक्यातली असतात. समासात त्याच्या पेन्सिलीच्या खुणा असतात त्या वेगळ्याच. ही युक्ती मला कोणी शिकवली नाही, एकदा झुरळं मारायची पावडर टाकताना सापडली.

मग खालचा कप्पा. तिथं स्मरणिका, पतसंस्थांचे रौप्यमहोत्सवी अंक, गौरवग्रंथ बांधून ठेवलेले असतात. निम्मी पानं जाहिरातींची आणि शुभेच्छांची. उरलेल्यात कोणीतरी निवृत्त मास्तरांनी 'आमच्या गावचा लढा' लिहिलेला असतो, आणि त्यातल्या तारखा बाहेर कुठंच मिळत नाहीत. हे साहित्य घरी देत नाहीत. फोनवर फोटो काढा, पण मुखपृष्ठाचा आणि प्रकाशन सालाच्या पानाचा आधी काढा. नंतर 'कुठल्या स्मरणिकेत होतं बरं' म्हणून डोकं धरून बसलेले मी पुष्कळ पाहिलेत. आणि होईल तितक्या लवकर काढा. २०१९ च्या महापुरात सांगलीतल्या वाचनालयांत पाणी शिरलं, पुस्तकांचा लगदा झाला. कोणी फोटो काढून ठेवले असतील तेवढेच वाचले.

मोठे प्रबंध 'शोधगंगा'वर मिळतात. तिथं पीएच.डी.चे प्रबंध फुकट उतरवून घेता येतात. पण एक सांगतो. प्रबंधाचं पहिलं प्रकरण बाजूला ठेवा, शेवटची संदर्भसूची आधी उघडा. दुसऱ्याने तीन वर्षं घालून जमवलेली यादी तुम्हाला दहा मिनिटांत मिळते. प्रबंधातलं वाक्य उचलू नका, त्याने ज्या पुस्तकाचा आधार दिलाय ते पुस्तक शोधा. कितीदा तरी असं दिसतं की आधार दिलेल्या पानावर ते वाक्यच नसतं.

सरकारी आकडे हवे असतील तर जनगणनेची जिल्हा पुस्तिका आहे, गावनिहाय. त्यापुढचं हवं असेल, जसं की पाटबंधाऱ्याच्या पाळीपत्रकाची (कोणाला कधी पाणी, याची) नोंद किंवा पुनर्वसनाची यादी, तर माहितीचा अधिकार. महाराष्ट्रात जोडपत्र 'अ' चा नमुना, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एका अर्जात एकच विषय आणि दीडशे शब्दांची मर्यादा. तीस दिवसांत उत्तर यायला हवं. न आल्यास अपील करता येतं, हे धरून अर्ज दिवाळीआधी टाका. मार्चमध्ये टाकलेला अर्ज तुमच्या तोंडी परीक्षेनंतर उत्तर घेऊन येतो.

टिपणं

एका कागदावर एकच गोष्ट. वर लेखक, पुस्तक, साल, पान. लेखकाचे शब्द जसेच्या तसे असतील तर अवतरणचिन्हात, आपल्या शब्दांत असेल तर चिन्हाशिवाय, आणि आपली शंका हिरव्या शाईत. रंग कुठलाही घ्या, पण शेवटपर्यंत तोच ठेवा. तीन महिन्यांनी 'हे मी लिहिलं की लेखकाने' असा घोळ झाला की माणूस नकळत चोर ठरतो. आता कॉलेजं संगणकावर नक्कल तपासतात, तिथं 'नकळत' हा रकाना नसतो.

आणि दोन ठिकाणी ठेवा. समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवास यांची गोष्ट मी प्रत्येकाला सांगतो. म्हैसूरजवळच्या रामपुरा गावात त्यांनी केलेल्या कामाची टिपणं, तीनही प्रती, २४ एप्रिल १९७० ला स्टॅनफर्डमध्ये लागलेल्या आगीत जळाली. मग त्यांनी आठवणीवरून पुस्तक लिहिलं आणि ते गाजलं. तुम्ही-आम्ही श्रीनिवास नाही. वहीची पानं दर रविवारी फोनवर घ्या आणि स्वतःलाच मेल करा.

पुस्तकाला उलटतपासणी

चळवळीवरचं लिखाण वाचताना तीन गोष्टी पहिल्या पानावरच लिहा. हे कोणी लिहिलं, घटनेनंतर किती वर्षांनी, आणि कोणाला पटवायला. पोलिसांच्या अहवालात कार्यकर्ता 'दरोडेखोर' असतो, गौरवग्रंथात तोच देवमाणूस. दोन्ही कागद खोटे नाहीत, दोन्ही अपुरे आहेत.

'पत्री सरकार' हाच शब्द घ्या. १९४३ ते १९४६ या काळात नाना पाटलांच्या नेतृत्वाखाली जे प्रतिसरकार चाललं, न्यायदान केलं, त्याला लोक पत्री सरकार म्हणतात. कोणी सांगतं, 'प्रति' चा अपभ्रंश. कोणी सांगतं, फितुरांच्या तळपायाला घोड्यासारख्या पत्र्या ठोकत म्हणून. तिसरा म्हणतो, ठोकत वगैरे काही नव्हते, तळपायावर काठ्या मारत, पण दहशत बसावी म्हणून लोकांनी तसं पसरवलं. लघुप्रबंधात यातलं एक निवडून बाकीची गाळायची नसतात. तिन्ही लिहायची, प्रत्येकापुढं कोणी कधी सांगितलं ते. मग एक जास्त चांगला प्रश्न सापडतो: पत्र्यांची गोष्ट कोणाच्या कामाची होती?

चळवळीच्या स्वतःच्या लिखाणाचंही असंच. साताऱ्याच्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी १९८९ मध्ये उभी केलेली महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती घ्या. पुस्तकं, पुस्तिका, वार्तापत्र, भाषणं, अभ्यासाला साहित्य उदंड. इथं अडचण उलटी. एवढं छापील मिळतं की मुलं गावात जातच नाहीत. शाखेच्या बैठकीला किती बायका येतात, भानामतीच्या प्रकरणानंतर त्या घराचं पुढं काय झालं, हे कुठल्याच वार्तापत्रात पुरतं सापडत नाही.

माणसांकडं जाताना

वाचनाचा निम्मा टप्पा झाला की माणसांकडं जा. आधी गेलात तर काय विचारायचं कळत नाही, आणि सगळं वाचून गेलात तर उत्तरं डोक्यात ठरलेली असतात.

ऐंशी-नव्वदीच्या माणसाला साल विचारू नका. ते बिचारे आठवून काहीतरी सांगतात आणि तुम्ही ते छापता. त्याऐवजी खुंट्या घ्या: कोयनेचा भूकंप (११ डिसेंबर १९६७), बाहत्तरचा दुष्काळ, गिरणी संप, २००५ चा महापूर. "नाना, धरणाचं काम सुरू झालं तेव्हा थोरली लेक नांदायला गेली होती का?" अशा प्रश्नाला नेमकं उत्तर मिळतं. बायकांशी बोलायला दुपारची वेळ घ्या, भांडी आवरल्यावर, आणि शक्यतो मुलीनेच जा. घरातला पुरुष शेजारी बसून उत्तरं द्यायला लागला तर वही मिटा, चहा घ्या, परत या.

फोनवर आवाज नोंदवणार असाल तर आधी विचारा, आणि नोंदवायला लागल्यावर ती परवानगी पुन्हा बोलून घ्या. नाव बदललं की झालं असं समजू नका. 'माजी सरपंचाची मधली सून, शिक्षिका' असं लिहिलंत तर नाव कोणतंही द्या, सगळ्या गावाला कळतं. जमिनीच्या, जातीच्या, टाकून दिलेल्या बाईच्या बाबतीत गावाचं नावही बदला. माझ्याकडं आलेल्या एका मुलाने हे केलं नाही. त्याच्या लघुप्रबंधाची झेरॉक्स गावात फिरली आणि ज्या बाईने विश्वासाने सांगितलं होतं तिचं भावकीत बोलणं बंद झालं. तो मुलगा परत त्या गावात जाऊ शकला नाही. मीही त्याला वेळेवर सांगितलं नव्हतं.

पद्धतीची पुस्तकं आता उघडा

संशोधन पद्धतीचं पुस्तक एवढ्या उशिरा का, असं विचाराल. आधी वाचलं की मुलं त्यातल्या व्याख्या उतरवून काढतात आणि पहिली चाळीस पानं 'संशोधन म्हणजे काय' यावरच जातात. प्रश्न हातात असताना उघडलं तर नेमकं लागेल तेवढंच घेता.

सगळ्यात जास्त घोटाळा नमुन्याचा. आपल्या भागातल्या किती लघुप्रबंधांत मी ३८४ हा आकडा पाहिला असेल! हा आकडा एका हिशोबातून येतो. लोकसंख्या मोठी असेल, ९५ टक्के विश्वासपातळी हवी असेल आणि पाच टक्के इकडंतिकडं चालणार असेल तर एवढी माणसं पुरतात. अट एकच: प्रत्येकाला निवडलं जायची सारखी संधी हवी, म्हणजे यादीतून चिठ्ठ्या टाकल्यासारखी निवड हवी. २०११ च्या जनगणनेत दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या मिळून ५८ लाखांवर होती. त्यातून एसटी स्टँडवर भेटलेली ३८४ माणसं घेऊन टक्केवारी काढली तर ती स्टँडवरच्या लोकांची टक्केवारी. बळीराजा धरणासारख्या प्रश्नाला बारा माणसांच्या दोन-दोन तासांच्या मुलाखती जास्त कामाच्या, फक्त ती बारा कशी निवडली ते सरळ लिहा: ओलिताचे किती, कोरडवाहू किती, भूमिहीन किती, धरणाला विरोध करणारा एकतरी आहे का.

पाठ्यपुस्तकाच्या जोडीला आपल्याच मातीतल्या जुन्या पाहण्या बघा. अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगिळांची वाई तालुक्यातल्या शेती व्यवसायाची पाहणी १९४० मध्ये प्रसिद्ध झाली. कोयना धरणाने उठवलेल्या लोकांची पाहणी इरावती कर्वे आणि जाई निंबकर यांनी केली, ती १९६९ ची. निष्कर्ष आज जुने झाले. पण कुटुंब कशाला म्हटलं, जमिनीची प्रत कशी ठरवली, कोणाला विचारलं आणि कोणाला विचारायचं राहिलं, हे बघत वाचा. आपली प्रश्नावली मग आपोआप सुधारते.

लिहिताना

साहित्याचा आढावा म्हणजे 'अमुक यांनी तमुक साली असे म्हटले आहे' अशा परिच्छेदांची आगगाडी नव्हे. पुस्तकांना एकमेकांशी बोलू द्या. फुल्यांचा बंधारा सरकारने बांधायचा होता, बळीराजा धरण लोकांनी बांधलं. या एका वाक्याभोवती तुमची पाच पुस्तकं जमतात. जे पुस्तक कुठल्याच वाक्याभोवती जमत नाही ते यादीतून काढा, मार्गदर्शक यादी लांब हवी म्हणाले तरी.

गावातले शब्द तसेच ठेवा: पाळी, बारं, पाट, वाटा, फड. 'सिंचन आवर्तन' लिहायचं असेल तर पहिल्यांदा कंसात पाळी लिहा आणि पुढं पाळीच म्हणा. परीक्षकाला चालतं, मी विचारून पाहिलंय.

तोंडी परीक्षा झाली की एक प्रत ज्या गावात बसून लिहिलंत तिथल्या ग्रामपंचायतीला किंवा शाळेला द्या आणि एक जवळच्या वाचनालयाला. पहिल्या पानावर साल आणि गावाचं नाव स्वच्छ अक्षरात, बदललेलं असेल तर बदललेलं. आमच्याकडं आलेल्या प्रती मी 'इतर' मध्ये ठेवल्या नाहीत. दारातून आत आलं की डावीकडं, वर्तमानपत्रांच्या टेबलाशेजारी एक लाकडी मांडणी आहे. गेल्या पावसाळ्यात एक म्हातारे गृहस्थ तिथं बसून आपल्याच मुलाखतीचं पान वाचत होते, आणि पेन्सिल मागायला काउंटरवर आले. एक तारीख चुकली होती.